मोजणीबाबाचा दगड

८ मार्च, शनिवार

आज सकाळी साडेअकराला, वाघजाळीच्या ओढ्यावर, केतकीने माझ्या दगडावर पळसाचं फूल ठेवलं. माझं सगळं बदललं ते तेव्हा. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. इथून पुढचं सगळं इथून मोजायचं.

दगड माझा म्हणजे मी रंगवलेला. चाकणच्या पलीकडे वाघजाळीच्या शिवारात नवं गाव वसवायचंय, हरित नगर की काय म्हणतात ते. त्याचा आराखडा आमच्या ऑफिसकडे. मोजणीचं मशीन शकीलभाई लावतात, उंचीची पट्टी मी धरतो. रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यावर पहिली खूण. तिथून उंची आणत आणत ओढ्याकाठच्या या काळ्या दगडावर दुसरी. लाल ऑइल पेंटची फुली मारली. आता अख्ख्या शिवाराची उंची या फुलीपासून धरायची.

के. जागा बघायला आली होती. मी उकिडवा बसून फुली मारत होतो. म्हणाली, "किती मन लावून रंगवतोयस, देवच बसवतोयस जणू." आणि खाली पडलेलं फूल उचलून फुलीवर ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. कसं ते लिहिता येत नाही.

वस्तीवरच्या हिराबाई काकू डोक्यावर सरपण घेऊन चालल्या होत्या. दगडापाशी थांबल्या, चपला काढल्या, हात जोडले आणि गेल्या. आम्ही दोघं हसून हसून बेजार.

शकीलभाई मशीनच्या मागून: "हिरो, पट्टी सरळ धर. लक्ष कुठंय तुझं?"

तिच्याकडे होतं.

१४ मार्च

के. आर्किटेक्चरच्या कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होती. मी तिसऱ्या वर्षाला परीक्षकासमोर माझंच मॉडेल भिंतीवर फेकलं आणि परत त्या गेटातून आत गेलो नाही. पप्पा अजून नीट बोलत नाहीत. शिफ्टवरून येतात, बूट काढतात, माझ्याकडे बघून टीव्ही लावतात. त्या दिवशी कॉलेजात सगळे पळाले होते, ही एकटी तुकडे गोळा करत बसली. "मॉडेल चांगलं होतं रे. फेकायला नको होतंस." हे कामही तिनेच लावून दिलं.

आज डबा खाताना तिने वहीत पूर्ण गाव काढून दाखवलं. तिच्या गावात पाण्याला एकही पंप नाही. रस्त्याच्या कडेने उघडे चर, चरांच्या दोन्ही बाजूंना झाडं, आणि पावसाचं पाणी आपल्या आपण उताराने खालच्या अंगाला तळ्यात. तेच पाणी पुढे झाडांना. वाघजाळीची जुनी वस्ती हलवायची नाही, ती मधोमध तशीच राहणार.

ऑफिसात सगळे म्हणतात जमीन सपाट आहे, जमणार नाही. ती म्हणते, पाण्याला ढकलावं लागत असेल तर गाव आपण पाण्याला विचारून बसवलं नाही.

वाकडला त्यांच्या सोसायटीत टँकरचं पाणी पंपाने चौदाव्या मजल्यावर चढतं. लहानपणापासून ती घरघर ऐकत झोपते म्हणे. पिंपळे गुरवला आमच्याकडे नळ जातो तेव्हा आईची घरघर असते. हे सांगितलं तर हसली. तिला हसवायला मी काहीही सांगेन.

२९ मार्च

वरच्या अंगाची मोजणी झाली. खालच्या अंगाला कांदा उभा आहे, शेतकरी पाय ठेवू देत नाहीत, बरोबरच आहे. ऑफिसचे सर म्हणाले कांदा निघाल्यावर या. तोवर मशीन दुसऱ्या साइटवर.

म्हणजे दीड महिना वाघजाळी नाही. म्हणजे के. ऑफिसात, मी देहूरोडच्या उन्हात.

संध्याकाळी भेटलो पण. पवनेच्या पुलावर उभे होतो तासभर. पाण्याला वास. ती म्हणाली, "आपलं तळं असं होऊ द्यायचं नाही." आपलं म्हणाली.

१३ मे

परत वाघजाळी. कांदा निघाला. ओढ्यावर गेलो तर गंमत. माझ्या दगडाभोवती ओटा! सिमेंटचा, चुना मारलेला. दगडाला शेंदूर, वर छोटी पत्र्याची छत्री, पुढे नारळाच्या शेंड्या. शेंदराखाली माझी फुली अजून चाचपडली की लागते.

वस्तीवरचे बबनतात्या सांगत होते, हिराबाईच्या थोरल्याला चाकणच्या कंपनीत कायम केलं. चार वर्षं कंत्राटी होता. काकूंनी दगडाला नवस बोललेला. आता गाव याला मोजणीबाबा म्हणतं. मी लगेच के.ला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "आपण देव बसवला ओंक्या." पुढे तीन फुलं.

दुपारी शकीलभाईंनी सांगितलं, दीड महिन्याचा खंड पडलाय, पुलावरच्या खुणेवरून दगडाची उंची एकदा पडताळून घे, मग खालचं अंग सुरू करू. ते जेवायला गेले. तेवढ्यात के.चा फोन. चाकण चौकात आलीय, अर्धा तास आहे, येतोस? ओटा दगडाच्या भोवतीच बांधलाय, दगड कुठे जातोय. वहीत लिहिलं 'जुळलं' आणि बाइकला किक मारली.

उसाचा रस. एकच ग्लास, दोन स्ट्रॉ. लिहायचं काय यात. पण लिहिलं.

२१ जून

आराखड्याचा उतार बसला. दोन्ही अंगांच्या उंच्या एकत्र केल्यावर दिसलं की खालचं अंग वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं खोल आहे. वस्तीपासून तळ्यापर्यंत सरळ उतार, पाणी धावत जाईल. के. खुर्चीवरून उठून नाचली. सर म्हणाले, जमिनीनेच तुझी बाजू घेतली. तिचं हे पहिलं काम. आराखड्यावर तिचं नाव येणार, सरांच्या खाली.

जिन्यात माझा हात हातात घेतला. "तुझ्या दगडाची कृपा."

११ जुलै

आज लिहायचं नव्हतं.

ऑफिसात मीटिंग. पैसे लावणाऱ्यांचा माणूस आला होता, पांढरे बूट. म्हणाला जुनी वस्ती तशीच ठेवा, पण दिसायला नको, पुढे भिंत घाला आणि बांबू लावा. के. खाली मान घालून लिहून घेत होती. लिहून घेत होती ती. मी तिथे नकाशे धरायला उभा होतो, माझं बोलायचं काम नव्हतं. मी बोललो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. बुटांबद्दलही बोललो.

सरांनी बाहेर काढलं. के. मागे जिन्यात आली. मला वाटलं माझ्यासाठी आली.

म्हणाली, "तुला माझी बाजू घ्यायची नसते. तुला फक्त भांडायचं असतं. भिंत मी पुढच्या मीटिंगमध्ये काढणारच होते. आता ती कायमची राहील, तुझ्यामुळे."

मी म्हणालो तू विकली गेलीस. ती म्हणाली तू मॉडेलं फेकतोस आणि तुकडे दुसऱ्याने गोळा करायचे.

त्यावर, सगळे दारात उभे असताना, मी ओरडलो. "बघतोच तुझं गाव कसं उभं राहतं. पाण्याचा एक थेंब वाहणार नाही तिथे."

ती म्हणाली, "संपलं, ओंकार."

ओंक्या म्हणते ती. आज पूर्ण नाव.

१२ जुलै

नंबर ब्लॉक.

१९ जुलै

कामावरून कोणी काढलं नाही. मीच गेलो नाही. चाकणला एका गोडाऊनमध्ये लागलो, पार्सल स्कॅन करायचं. बीप. बीप. विचार करायला जागाच नाही असं काम. तरी करतोच.

२ ऑगस्ट

आज एका पार्सलवर वाकडचा पत्ता. तिची सोसायटी, दुसरं विंग. दोनदा स्कॅन केलं.

आई म्हणते गावाकडे, लातूरला, मामाकडे जाऊन ये. कशाला. तिथेही मोबाइल आहेच.

पळसाचं फूल सुकल्यावर कसं दिसतं हे कधी बघितलं नाही. त्या दिवशी उचलून ठेवायला हवं होतं. उचललं असतं तर

२० सप्टेंबर, शनिवार

आराखडा लोकांना बघायला ठेवलाय, वाघजाळीच्या शाळेत. ज्याला हरकत असेल त्याने ३० तारखेपर्यंत कचेरीत लेखी द्यायची. मी सुट्टी काढून गेलो. आराखड्यासाठी नाही. ती असणार म्हणून.

होती. निळा कुर्ता, केस कापलेत. टेबलामागे उभी राहून बायकांना समजावत होती. मी मागच्या बाकावर, टोपी घालून. मोठं मॉडेल, कॉर्कचं. तळं निळ्या काचेचं. वस्तीपुढे बांबूची रांग, काड्यांची. भिंत राहिली म्हणजे.

बबनतात्या मॉडेलभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि नेमके मला ओळखून शेजारी बसले.

"काय मोजणीवालं, टोपी घालून बसलाय जनू. त्यो उतार कुटनं काढला तुमी?"

मी म्हणालो मशीनने मोजलाय, तात्या.

"मशीनचं ऱ्हाऊ द्या. वस्तीच्या खालतं हितं सायकल सोडली तर जागची हालत न्हाई. पानी काय पाय लावून जानार हाय?"

मी म्हणालो डोळ्याला सपाट दिसतं, पण खालचं अंग खोल आहे, तुमच्याच बाबावरून मोजलंय. मोजणीबाबावरून.

तात्या हसायला लागले. मग थांबले. "आन् बाबा वर बसवल्यावर मोजलं का आधी?"

"वर म्हणजे?"

"अरं त्यो जमिनीवर व्हता तवा कुत्री त्याच्यावर पाय वर करायची. मग आमी चौघांनी उचलला, खाली पाया घातला आन् वर बसवला. नीट, फुलीबिली वर करून. देवाला कोन जमिनीवर ठेवतं व्हय?"

बाकाची कड धरून बसलो. ती समोर टेबलामागे निळ्या काचेवर बोट ठेवून बायकांना सांगत होती, पाणी इथे येईल, आपलं आपण.

२१ सप्टेंबर, रविवार

शकीलभाईंच्या घरी देहूरोडला गेलो. सांगितलं सगळं. रागावले नाहीत, त्याने जास्त लागलं. मशीन गाडीत टाकलं आणि दोघंच वाघजाळीला. पुलावरच्या खुणेपासून दगडापर्यंत. मी पट्टी धरली. या वेळी सरळ.

सेहेचाळीस सेंटिमीटर. दीड फूट. दगड दीड फूट वर गेला, आम्ही त्याची उंची जुनीच धरली, म्हणून खालचं अख्खं अंग कागदावर दीड फूट खोल गेलं. ते खोल नाही. तो उतार नाहीच. या चरांमधून पाणी येईल आणि वस्तीच्या दाराशी थांबेल. हिराबाईंच्या घराशी आधी. त्यांचा उंबरा सगळ्यात खाली. आत्ता पाणी शेतात कुठेही पसरतं, जिरतं. नवं गाव झालं की सगळ्या छपरांचं, रस्त्यांचं पाणी चरांतून बांधून तिथेच आणून सोडणार.

शकीलभाई ओट्यावर टेकले. दोन्ही हात गुडघ्यावर.

"वहीवर सही माझी आहे. बावीस वर्षं मशीन लावतोय. 'जुळलं' लिहिलेलं बघितलं आणि सही केली. तुझ्यावर भरोसा टाकला ही माझी चूक, ती मी सांगीन. तुझी तू लिही."

तुझी तू लिही म्हणाले. लिहीन म्हणालो. मग आठवलं की जिन्यात मी काय ओरडलो होतो. एक थेंब वाहणार नाही. दहा माणसांसमोर. आता मी हरकत घेतली तर कोण म्हणेल खरं बोलतोय? म्हणतील पोरीने सोडलं म्हणून सूड घेतोय. म्हणतील दगड यानेच उचलला असेल.

ती पण तेच म्हणेल. दुसऱ्या कोणी म्हटलेलं चालेल मला.

२३ सप्टेंबर

भेटली. शकीलभाईंच्या फोनवरून बोलावलं, वाकडच्या बसथांब्यावर. संध्याकाळी साडेसहा, गाड्यांचे दिवे, कॅबवाले हॉर्न मारतायत, आणि ती माझ्यापासून दोन हात लांब, बॅग छातीशी धरून.

मी पाठ करून आलो होतो तसं सांगितलं. ओटा, चौघं, पाया, 'जुळलं'. उसाच्या रसाचं सांगितलं नाही, तिला तारीख ऐकूनच कळलं.

"किती?"

"सेहेचाळीस."

"सेंटिमीटर?" मग डोळे मिटले. मला माहितेय ती डोळे मिटून काय करते. सगळे चर एकेक करून मनात भरून बघते. मी वाट बघितली. उघडले तेव्हा ओले होते, पण आवाज सरळ.

"वस्तीपाशी एक पंप बसवता येईल."

ती माझ्याकडे न बघता बोलत राहिली. आता सांगितलं तर आराखडा परत जाईल, सर तिला बाजूला करतील, दुसरा कोणी घेईल आणि तो झाडं पण काढेल, चर पण बुजवेल, सरळ पाइप टाकेल. मंजुरी होऊ दे. मग बांधकामाच्या नकाशांच्या वेळी ती स्वतः हे बाहेर काढेल. शपथ. पंप तात्पुरता.

मी विचारलं, आणि तोवर कोणी विसरलं तर? लाइट गेली तर? वस्तीचं कोण बघणार?

"मी नाही विसरणार."

भिंतही पुढच्या मीटिंगला काढणारच होतीस, असं तोंडाशी आलं होतं. गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी गिळलं आणि ते तिच्यासमोर, आणि तिला कळलंही नाही.

बस आली. ती चढली नाही. म्हणाली, "तू थांबलास तर मला बरं वाटेल." आणि मग अगदी हळू, "हरकतीत फुलाचं लिहिणार आहेस?"

"नाही."

पुढची बस आली. चढली.

२४ सप्टेंबर

'बरं वाटेल'. म्हणजे काय. थांबलो तर भेटेल? ब्लॉक काढलाय, बघितलं. फोटो दिसतोय तिचा. निळा कुर्ता.

२५ सप्टेंबर

दिवसभर ठरवलं की थांबायचं. चांगलं वाटलं. गोडाऊनमध्ये शिट्टी वाजवली. सुपरवायझर म्हणाला काय भावा, लग्न ठरलं का.

संध्याकाळी लाज वाटली. एवढ्यात विकलो जातो मी. तिला म्हणालो होतो विकली गेलीस.

२७ सप्टेंबर

वाघजाळीला गेलो. काम काही नव्हतं. ओट्यावर जास्वंद वाहिलेली, ताजी. हिराबाई काकूंनी चहा दिला, उंबऱ्यात बसवून. काकूंचा थोरला कंपनीची नवी बॅग दाखवत होता, कायमवाल्यांना मिळते ती. काकू म्हणाल्या, "बाळा, तुमच्या लाल फुलीनं आमचं चांगलं झालं बघ. ती पोर कुटं गेली फुलं ठेवनारी? तिला म्हनावं येऊन जा येकदा, साडी ठिवलीया तिच्यासाटी."

उंबऱ्यावर हात ठेवून बसलो होतो. जमिनीपासून चार बोटं उंच. चार बोटं.

काकूंना सांगितलं नाही. काय सांगणार, की बाबानेच.

२८ सप्टेंबर

के.ला मेसेज केला. 'थांबणार नाही. तुझं नाव कुठे येणार नाही.' दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

मग अजून एक टाइप केला. खोडला. परत टाइप केला. त्यात वस्ती नव्हती, पाणी नव्हतं. तो पाठवला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेवटचा दिवस. कचेरी साडेपाचला बंद.

पाच वेळा लिहिलं. पहिल्या चारात कोणाला ना कोणाला शिव्या होत्या, पांढऱ्या बुटांना जास्त. फाडले. पाचवा एवढाच आहे:

'वाघजाळीच्या ओढ्याकाठच्या दगडावर मोजणीची खूण मी केली. तो दगड नंतर उचलून ओट्यावर बसवला गेला, हे मी ओळखलं नाही. पुलावरच्या खुणेशी पडताळा घेण्याचं काम माझं होतं. तो न घेता मी वहीत जुळलं असं लिहिलं. त्यामुळे खालच्या अंगाच्या सगळ्या उंच्या चुकल्या असून पाणी वस्तीपाशी थांबेल. फेरमोजणी करावी. उघडे चर, झाडं आणि तळं या कल्पनेला माझी हरकत नाही. ती बरोबर आहे.'

शेवटची दोन वाक्यं हरकतीत कोणी लिहीत नसेल. राहू दे.

फूल लिहिलं नाही.

पप्पा पहिल्या शिफ्टहून आले. टेबलावरचा कागद वाचला, उभ्या उभ्या, बूट न काढता. वाटलं आता बोलतील. त्यांनी खिशातून कंपनीचं पेन काढलं, माझ्या सहीखाली तारीख राहिली होती तिथे बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं. "तारखेशिवाय घेत नाहीत." कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी बोललेलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

आत्ता, तीन वाजून दहा मिनिटांनी, के.चा मेसेज. शब्द एकही नाही. नुसता फोटो. मोजणीबाबाचा ओटा, बाजूला उभी धरलेली मोजपट्टी, दगडाच्या बुडाशी तिचा अंगठा. सेहेचाळिसावर. हो, तिचाच अंगठा, नखाला पेन्सिलचा डाग.

म्हणजे आज तिथे गेलीय. एकटी. स्वतः मोजायला. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून, की आता आहे म्हणून? का मला सांगतेय थांब, मी येते? का काहीच सांगत नाहीये?

फोटो मोठा करून बघितला. ओट्यावर जास्वंदच आहे. दुसरं काही ठेवलेलं दिसत नाही. अंगठ्याखाली असलं तर माहीत नाही.

फोन करायला घेतला. ठेवला. आवाज ऐकला तर जाणार नाही मी.

कागद शर्टाच्या आत, पोटाशी. बाइकची किल्ली. आई म्हणतेय दोन घास खाऊन जा. आल्यावर खाईन म्हणालो.

फोन इथेच ठेवतो, वहीवर, उलटा. वाजला तर वाजू दे.

निघालो.